आधी राउटर, मग वायर

भाऊजी, तुमचं नेट गेलंय असंच मला वाटलं.

दुसरं काही डोक्यात आलंच नाही हो. त्या दुपारी तुम्ही मागे तुमच्या शेडमध्ये, मी पुढच्या घरात माझ्या खोलीत, मध्ये आपला गुलाबाचा तुकडा. रोजच्यासारखे दोघं हेडफोन लावून बसलेलो. खेळातल्या बेटावर उतरलो, पुलापाशी आलो. तुम्ही म्हणालात, "वहिनी, डावीकडून या, मी वरून बघतो," आणि टेकडीवर चढलात. मग तुमचा माणूस तिथेच उभा राहिला. बंदूक हातात, तोंड तळ्याकडे. मी खालून ओरडतेय, "अहो हला की! सगळ्यांना दिसताय तुम्ही!" तुम्ही हलेनात, बोलेनात. मी वैतागले. "झालं, यांचं नेट गुल," असं मी मोठ्यांदा म्हटलं. अजून माझ्या कानात माझाच तो आवाज आहे.

आता सगळे मला सांगतात, तू जेवत जा, तू झोपत जा, गेलेला माणूस परत येत नसतो. मी हो हो म्हणते. पण माझ्या डोक्यात ते बसतच नाही. चाळिशीला टेकला नव्हतात. तंबाखू नाही, कसलं व्यसन नाही, पहाटे उठून फुलांचे क्रेट गाडीत भरणारा, पंचवीस किलोचं खताचं पोतं खांद्यावर टाकून शीळ घालत चालणारा माणूस. असा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या जातो? ही काय पद्धत आहे का? माझं डोकंच चालत नाही, भाऊजी.

तुम्ही माझे दीर. माझ्याहून लहान. मी लग्न होऊन मखमलाबादला आले तेव्हा तुम्ही अकरावीत होतात, मिशी धड फुटली नव्हती. आणि आईंनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "त्याचं नाव नाय घ्यायचं. भाऊजी म्हणायचं, अहो-जाहो करायचं." शेंबड्या पोराला मी "अहो भाऊजी, चहा घेता का" म्हणायचे आणि तुम्ही लाजून पळायचात. ते अहो-जाहो कायमचं चिकटलं. फक्त खेळात सुटायचं. समोरून गोळ्या यायला लागल्या की कोण अहो-जाहो करत बसतो! "अरे मागे बघ, मागे! वाक! बस खाली गाढवा!" असं मी तुम्हाला बिनधास्त म्हणायचे आणि हेडफोन काढला की पुन्हा, "भाऊजी, जेवून घ्या हो, मनीषा वाट बघतेय." तुम्ही म्हणायचात, "वहिनी, तुमचं एक माणूस दोन सर्व्हरवर चालतं." आपण दोघं किती हसायचो त्यावर.

हे सगळं सुरू झालं ते लॉकडाउनमध्ये. देवळं बंद, लग्नं बंद, फुलबाजार बंद. गुलाब झाडावरच फुलून सुकत होता. झेंडूच्या उभ्या पिकावर ह्यांनी, म्हणजे तुमच्या दादांनी, नांगर फिरवला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. घरात नुसतं एकमेकांकडे बघत बसायचं. तेव्हा तुम्ही सातपूरच्या कुठल्याशा ऑफिसातून भंगारात निघालेले दोन कॉम्प्युटर आणलेत, खोललेत, ह्याचं त्याला नि त्याचं ह्याला लावलंत. एक तुमच्या शेडमध्ये, जिथे आपण फुलं बांधतो तिथे, आणि एक माझ्या खोलीत. "वहिनी, बसा तुम्ही पण." मी म्हटलं, "मला काय लहान समजलात? दोन पोरांची आई आहे मी." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच बसा. ओरडायची सवय आहे तुम्हाला, टीमला उपयोगी पडेल."

बसले. पण तुम्ही खेळू कुठे दिलंत! पहिला आठवडा नुसती सेटिंग. मला वाटलं होतं बटण दाबलं की खेळ सुरू. तुम्ही माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायचात आणि एकेक खाली आणायचात. सावल्या लो. गवत लो. पाण्यातलं प्रतिबिंब बंद. कडा मऊ करणारं ते काय असतं, ते बंद. रिझोल्युशन एक पायरी खाली. मागे गुपचूप चालणारे अपडेट बंद. मी म्हटलं, "अहो, काय ठेवताय तरी?" तुम्ही म्हणालात, "खेळ ठेवतोय." आणि मग ते साठचं वेड. पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवायला पाहिजे, एकदा शंभर आणि एकदा तीस असं चालणार नाही, साठ म्हणजे साठ. "एका चालीने चाललं पाहिजे वहिनी. मध्येच पळालं नि मध्येच अडलं की माणूस मरतो." खेळातला माणूस, असं म्हणायचं होतं तुम्हाला.

मला ते अजिबात पटलं नाही. आजही पटत नाही. किती सुंदर बेट होतं ते! एकदा मी तुमच्या परोक्ष सगळं हाय करून बघितलं. तळ्यात डोंगर उलटा दिसत होता, झाडांच्या सावल्या हलत होत्या, संध्याकाळचं ऊन गवतावर आडवं पडलं होतं. मी बघतच राहिले. आणि कुणीतरी मला मागून गोळी घातली. तुम्ही लगेच ओळखलंत. "सावल्या वाढवल्या ना? अडकत चालल्या होतात." मी म्हटलं, "मग? सूर्यास्त दिसणार नसेल तर खेळायचंच कशाला?" "सूर्यास्त बाहेर ओट्यावर दिसतो की." "आणि गवत?" "गवत काढलं की लपलेला माणूस दिसतो. तुम्ही निंदणी कशाला करता वहिनी?" पण मी सोडलं नाही. वर्षानुवर्षं आपलं हेच भांडण. मी सावल्या वाढवायच्या, तुम्ही येऊन कमी करायच्या. मी म्हणायचे, तुम्हाला बघायची दृष्टीच नाही. तुम्ही म्हणायचात, तुम्हाला जिंकायची हौसच नाही. दिवाळीला मशीनमध्ये नवीन ग्राफिक्स कार्ड घालायचं, मग दोन्ही होईल, सगळं हाय आणि साठच्या साठ, असं ठरलं होतं आपलं. आता मी कुणाशी भांडू? मला सांगा ना. इतकं हक्काचं भांडण दुसऱ्या कुणाशी करता येतं का?

एक गोष्ट तर तोंडावर बोलायचीच राहिली. चाळिशीच्या बाईला आपल्याकडे कुणी खेळायला बोलवत नाही. भिशीला बोलवतात, हळदीकुंकवाला बोलवतात, पापड लाटायला तर हमखास. "वहिनी, येताय ना, एक मॅच?" असं विचारणारे तुम्ही एकटे. दुपारचा तो तास माझा होता. त्या तासाला मी कुणाची आई, कुणाची सून नव्हते. हे तुम्हाला मी कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही चिडवून बेजार केलं असतंत.

आणि तुमचा मला रागही आलाय. खरंच आलाय. पडद्याच्या कोपऱ्यात मशीनचं तापमान लावून ठेवायचात. आकडा जरा चढला की खेळ थांबवायचा, डबा उघडायचा, ब्रशने पंख्याची धूळ झाडायची, फुलांचा चुरा काढायचा. "मशीनला दम लागलाय वहिनी." मशीनला दम लागलेला कळायचा तुम्हाला! आणि स्वतः पायऱ्या चढताना छातीवर हात ठेवायचात तेव्हा? मी दोनदा बघितलं. विचारलं तर म्हणालात, "ॲसिडिटी." मनीषाने विचारलं तर तिलाही ॲसिडिटीच. असं कसं भाऊजी? तो पत्र्याचा डबा तुम्हाला स्वतःहून जवळचा होता का?

नेटचं प्रकरण तर वेगळंच. फायबरची तार आली ती आईंच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर. तिथे राउटर. तिथून तुम्ही ठिबकच्या मोठ्या पाइपाच्या कडेकडेने, गुलाबाच्या तुकड्यातून, थेट शेडपर्यंत वायर नेलीत. "वायफायवर भरवसा नाही, वायर ती वायर," हे तुमचं ब्रह्मवाक्य. मध्येच काही दिवस पिंग असं चढायला लागलं की विचारू नका. पिंग म्हणजे आपण बटण दाबल्यापासून खेळाला कळेपर्यंतचा वेळ, हे आता आईंनासुद्धा माहीत आहे. तुम्ही राउटरचं चॅनल बदललंत, त्यातले कसलेसे नंबर बदललेत, कंपनीच्या माणसाला दोनदा बोलावलंत, मी मोबाइल वायफायवरून काढला, काही उपयोग नाही. दिवसाआड दुपारी माझं वायफाय मरायचं. शेवटी एकदा तुम्ही ऐन वेळी धावत आईंच्या खोलीत गेलात आणि बघता तर काय, राउटरवर स्टीलचं पातेलं पालथं घातलेलं! आई शांतपणे म्हणाल्या, "फुलांवर औषध मारून राहिले ना ते. लय उग्र वास हाय. बिचाऱ्याच्या भोकाभोकांत जाईल म्हणून झाकून ठिवलं." तुम्ही तिथे खाली बसून पोट धरून हसलात. पुढे कितीतरी दिवस घरात कुणाला ऐकू आलं नाही की तुमचं एकच, "पातेलं काढा, पातेलं!"

त्या दिवसापासून तुम्ही नियम केलात. मी तुमच्या नावाने शिमगा करत होते ना, की तुम्हीच काहीतरी बिघडवून ठेवलंय म्हणून. तुम्ही म्हणालात, "हे बघा वहिनी, खेळताना कुणी अडकलं की लगेच माणसावर ओरडायचं नाही. आधी राउटर बघायचा. मग वायर बघायची. माणूस सगळ्यात शेवटी." किती शहाणपणाचं वाटलं होतं तेव्हा. मी तो नियम पोरांच्या अभ्यासालासुद्धा लावला. मार्क कमी पडले की आधी बाकीचं बघायचं, पोराला बोलायचं सगळ्यात शेवटी.

तर त्या दुपारी मी तुमचाच नियम पाळला.

तुम्ही टेकडीवर उभे. मी आणखी दोन हाका मारल्या, मग उठून आईंच्या खोलीत गेले. राउटरवर पातेलं नव्हतं. मी तो बंद केला, सगळे दिवे जाईपर्यंत थांबले, पुन्हा चालू केला. दिवे यायला त्याला जो वेळ लागतो तो लागला. आई म्हणाल्या, "काय झालं गं?" मी म्हटलं, "भाऊजींचं अडकलंय." परत येऊन खेळ उघडला, तर तुमचं नाव नाही. म्हटलं, मग वायर असणार. खुरपणीत कुणाचं तरी खुरपं लागलं असेल नाहीतर घुशीने कुरतडली असेल. म्हणून मी गुलाबाच्या तुकड्यातून वायर बघत निघाले. वाकून, हळूहळू, पाइपाच्या कडेने. एके ठिकाणी वायर वर आली होती ती मी पायाने पाइपाखाली सारली. जुन्या जोडावर चिकटपट्टी होती, ती दाबून बघितली. सगळी वायर तुमच्यापर्यंत शाबूत होती, भाऊजी. एक ओरखडा नव्हता तिला.

आणि मग शेडच्या दारातून मी तुम्हाला बघितलं.

तुमच्या पडद्यावर पाटी आली होती, संपर्क तुटला, पुन्हा प्रयत्न करायचा का म्हणून. ती पाटी मी राउटर बंद केला म्हणून आली होती. हे मला नंतर, हॉस्पिटलच्या बाकावर बसल्यावर कळलं. तिथे आणखी एक आठवलं. खेळात प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं पिंग दिसतं. तुम्ही टेकडीवर उभे होतात तेव्हा तुमच्या नावापुढे आकडा हिरवा होता. म्हणजे नेट उत्तम होतं. माझं चालू होतं म्हणजे राउटरही उत्तम होता, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर हिरव्या अक्षरात लिहिलेलं होतं की नेट ठीक आहे, माणसाकडे पळ. मी बघितलं आणि राउटरकडे गेले.

ह्यांनी गाडी कशी हाणली, आपण कसे पोचलो, मला धड आठवत नाही. मागच्या सीटवर तुमचं डोकं मनीषाच्या मांडीवर होतं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "झटका मोठा होता. आणलंत तेव्हा काही उरलं नव्हतं." कधी गेले, हे मी विचारलं नाही. माझी छातीच झाली नाही. विचारलं असतं आणि ते म्हणाले असते की थोडं आधी आणलं असतं तर, मग मी काय केलं असतं? ह्यांना हे सांगितलं तर ते म्हणतील, वेडी आहेस का. पण मनीषाला? तिचा नवरा होतात तुम्ही. तिला हे माहीत असायलाच पाहिजे की तिची जाऊ तिच्या नवऱ्याला सोडून वायर तपासत बसली होती. हे मी तिला कसं सांगू, ह्या एका गोष्टीने माझा जीव खाल्ला.

कारण तिने माझ्याशी बोलणं सोडलं होतं. सगळ्यांशी बोलायची. आलेल्या बायकांना चहा द्या म्हणायची, तुमच्या पोरीची वेणी घालायची. मी खोलीत गेले की उठून जायची. घरात तर सगळ्यांनी निकाल लावलाच होता. कुणी मावशी म्हणाली, त्या खेळानेच घात केला, सारखं डोळे फोडून बघायचं, रक्त आटतं. आई म्हणाल्या, "मेलं ते डबडं जाळा आधी." आणि त्या डबड्यासमोर तुम्हाला रोज बसवणारी कोण? मी. बायका बोलता बोलता माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. मला वाटायचं, बघू द्या. त्यांना खरं माहीतच नाही, माहीत झालं तर तोंडावर थुंकतील.

दहाव्याला आम्ही सगळे रामकुंडावर गेलो. भाताचा पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकून वर बघायला लागले. मला वाटलं आता तासभर उभं राहावं लागणार. तुमच्या वडिलांच्या, आबांच्या वेळी आठवतंय ना? कावळा शिवता शिवेना. प्रत्येकाने पुढे होऊन आण घेतली, म्हशीची काळजी घेतो, वाटणी नीट करतो, शेवटी तुम्ही काहीतरी पुटपुटलात तेव्हा कुठे तो उतरला. मी तर तुमच्यासाठी तयारी करून गेले होते. सगळे बोलून थकले की मी पुढे होणार होते. म्हणणार होते, भाऊजी, हरले मी, सावल्या लो ठेवते, कायमच्या लो ठेवते. माणसं हसली असती तर हसली असती.

आणि काय झालं? भटजी बाजूला होतात न होतात तोच कावळा आला, शिवला, घास घेऊन उडून गेला. मंडळी खूश. "भाग्यवान माणूस. कशातच जीव अडकला नव्हता." सगळ्यांनी हात जोडले. मला असा संताप आला म्हणून सांगू! कशातच नाही? अहो, पोरीची दहावी बाकी, दिवाळीचं कार्ड बाकी, माझ्याशी एवढं भांडण अर्धवट, आणि तुम्ही खुशाल निघालात? थोडं तरी ताटकळत ठेवायचं आम्हाला. मी तिथे ओल्या पायऱ्यांवर उभी राहून तुमच्यावर मनातल्या मनात ओरडत होते. समोर मनीषा होती. ती पिंडाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. ह्यांनी मला हळूच सांगितलं, "मनीषा म्हणतेय, शेडमधला तो कॉम्प्युटर काढा. तिला फुलं बांधायला तिथे बसायचंय आणि ते समोर नको आहे." मी म्हटलं, मी काढते. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालला नसता.

काल दुपारी गेले. खुर्ची तशीच होती. मशीन चालू करायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी केलं. खेळ उघडला आणि तुमची सेटिंग बघत बसले. सगळं लो. एकेक आकडा तुमच्या हातचा. मी माउसला हात लावला नाही, फक्त बघितलं. मग बंद केलं आणि मागच्या वायरी काढायला वाकले. उठते तर दारात मनीषा.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी पहिला शब्द.

मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी सांगून टाकलं. पडद्यावरचा हिरवा आकडा सांगितला, राउटर सांगितला, दिवे यायची वाट बघितली ते सांगितलं, वायर पायाने सारली तेसुद्धा. काही लपवलं नाही. "मी सरळ पळत आले असते तर वेळेत पोचले असते, मनीषा. मी आले नाही. मला वाटलं नेट गेलंय." मग ती आत आली आणि फुलांच्या पालथ्या क्रेटवर बसली.

"मी आले होते ना इथे," ती म्हणाली.

"कधी?"

"तेव्हाच. सुतळीचा गुंडा न्यायला. सकाळी आमचं वाजलं होतं सिलिंडरवरून, मी बोलत नव्हते त्यांच्याशी. इथे, ह्या दारात उभी राहिले. मान खाली होती त्यांची, एक हात टेबलाखाली. मला वाटलं वायर खोचतायत. नेहमी तसेच वाकायचे ना ते." तिने टेबलाकडे बोट केलं. "हेडफोनमधून तुमचा आवाज येत होता ताई. बारीक. भाऊजी, भाऊजी. मी मनात म्हटलं, बसा तुमच्या वहिनीशी बोलत. आणि गुंडा घेऊन गेले."

हातातली वायर मी टेबलावर ठेवली.

"इतके दिवस तुमच्यासमोर यायची भीती वाटत होती मला," ती म्हणाली. "तुम्ही विचाराल, तू कुठे होतीस म्हणून. इतक्या लांबून तुम्ही हाका मारताय आणि मी इथे, हात लांब केला असता तर ते हाताला लागले असते."

भाऊजी, मी काय समजत होते आणि काय होतं. मी तिच्याशेजारी दुसरा क्रेट ओढून बसले. समोर तुमची रिकामी खुर्ची होती. मग तिने विचारलं, "त्यांना ऐकू गेलं असेल का हो तुमचं?"

"काय माहीत."

"काय म्हणत होतात तुम्ही? भाऊजी भाऊजी म्हणालात ते ऐकलं मी. पुढचं नाही ऐकलं."

मला आठवलं. मला ते सांगायची लाज वाटली, पण आता लपवायचं तरी काय होतं. "आधी अहो हला की, मग शिव्याच देत होते गं. गाढवा, हल की, दगड झालास का, असं."

तिला हसू आलं, खरंखुरं. तोंडावर पदर धरला तिने.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "मी रुसलेली, तुम्ही ओरडताय. त्यांना सगळं रोजच्यासारखंच वाटलं असेल."

आणि मग आम्ही दोघी रडलो.